समजा

डलूथच्या कॉलेजात बुधवारी, संध्याकाळी साडेसहाला,
खोली दोनशे चौदा.
बाहेर उणे एकोणीस.
बसची किल्ली खिशात, हातमोजे हीटरवर,
आणि मी त्या बाकावर,
जो माझ्या मुलालासुद्धा अपुरा पडला असता.

व्हर्ना लाहटी. वय त्रेपन्न.
सव्वीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली,
म्हणजे शाळेच्या दारापर्यंत रोज दोनदा गेले.
नर्सिंगला जायचं तर आधी हे ओलांडा, म्हणाले ऑफिसात:
बीजगणित, प्राथमिक.
'प्राथमिक' हा शब्द खिडकीतल्या पोरीने
जरा हळूच उच्चारला.

पुस्तक जुनं घेतलं, अकरा डॉलरला.
कुणा केल्विनचं. पहिल्या पानावर नाव, ठसठशीत.
समासात त्याची पेन्सिल माझ्या पुढे पुढे चालणारी,
खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं,
एका कंसापाशी चक्क बदक.
पान एकशे त्रेचाळीसवर एक गणित अर्धं,
बरोबरच्या चिन्हापर्यंत आलेलं.
तिथून पुढे सगळं कोरं.

उणे संख्या मला शिकवाव्या लागल्या नाहीत.
आमच्याकडे पोरं शून्याच्या खालीच मोजायला शिकतात.
पण उणे गुणिले उणे, अधिक?
हे मला पटलं नाही, अजूनही नाही.
दोन वाईट हिवाळे मिळून एक उन्हाळा होत नाही, मी म्हटलं.
शेजारचा पाओ खुदकन हसला. एकोणीस वर्षांचा आहे तो.
नीगार्ड बाई हसल्या नाहीत.
फळ्याकडे पाहत राहिल्या जरा वेळ,
मग म्हणाल्या, "खरंय. पण ही बेरीज नाही, व्हर्ना."

पहिल्या चाचणीत अडतीस. शंभरपैकी.
गाडीपाशी येऊन रडले नाही,
काचेवरचं बर्फ खरवडलं.
बर्फ संपल्यावरही खरवडत होते.

मग मार्चमध्ये ते गणित आलं.
एक अँटिफ्रीझ तीस टक्क्यांचं, एक ऐंशीचं,
पन्नास टक्क्यांचं दहा गॅलन करा.
वर्ग गप्प.
"चार," मी म्हटलं. "ऐंशीवालं चार, दुसरं सहा."
कसं काढलं?
काढलं कुठे? पहाटे पाचला गॅरेजमध्ये
हाताला जे ठाऊक असतं ते तोंडातून निघालं, इतकंच.
"उत्तर बरोबर," बाई म्हणाल्या,
"आता हाताकडून फळ्यावर आणा. समजा..."
आणि खडू माझ्यापुढे धरला.

समजा.
मला आयुष्यभर वाटायचं, आधी समजायचं असतं
आणि मगच तोंड उघडायचं.
इथे उलटाच कारभार.
काही कळलं नसताना समजा म्हणायचं,
जे दिसत नाही त्याला एक अक्षर द्यायचं,
ते आहेच असं धरून त्याच्याशी नीट वागायचं,
या बाजूला जे केलं तेच त्या बाजूला,
आणि बऱ्याच वेळाने ते आपणहून
आपलं नाव सांगतं.

समजा क्ष, लिहिलं मी.
क्ष वाकडा आला. खडू मोडला.
"कंस!" मागून पाओ ओरडला.
कंस घातला, कंस सोडवला,
तीनाला पलीकडे नेताना चिन्ह बदललं
(घर सोडून गेलेल्या माणसांचंही बदलतं,
पण ते राहू दे),
आणि खाली चार आलं.
चार मला आधीच ठाऊक होतं.
तरी त्याला येताना पाहिलं,
धुक्यातून कालव्यात शिरणाऱ्या मालवाहू जहाजासारखं.
त्याची वेळ पेपरात छापलेली असते,
आणि तरी आम्ही गारठत धक्क्यावर उभे राहतो.

आज पान एकशे चव्वेचाळीस.
केल्विन, तुझं ते अर्धं गणित मी पुरं केलं,
शेवटी उणे सात येतं.
तू बहुधा आलास तिथवर आणि उणे पाहून
चुकलं असं वाटलं असेल तुला.
चुकलं नव्हतं.

पुस्तक उन्हाळ्यात परत विकणार आहे, सहा तरी मिळतील.
तेव्हा पुढच्या माणसासाठी समासात
मीही एक बदक काढलं.
बदकासारखं जमलं नाही.